डाख : जोडणारा आणि अडविणारा

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या तीरी, मार्कंडा हे प्राचीन क्षेत्र आहे. तेथील देवालयांच्या भिंतींवर मूर्तींची इतकी दाटी आहे की ती पाहून जाणत्या प्रवाशास खजुराहोची आठवण व्हावी. यांपैकी मुख्य देवालयावर पूर्वी वीज पडली आणि शिखराचा भाग कोसळून मंडपाच्या छतावर आला. पुढे ते छत सावरण्यासाठी मंडपात जड कमानी व ओबडधोबड खांब घालण्यात आले. त्या टेकूंनी छत तगले. परंतु मूळ कारागिराने दगडाचा भार दगडावर कसा तोलला होता, हे टेकू देणाऱ्यास उमगले नव्हते, हे आजही पाहणाऱ्याच्या नजरेत भरते. मोडलेली वस्तू कशीबशी उभी राहणे निराळे आणि तिचा मूळ सांधा पूर्ववत होणे निराळे, हा धडा वैनगंगेच्या काठी दगडात लिहून ठेवलेला आहे.

याच भागात आज दुरुस्तीचा प्रश्न एका अगदी वेगळ्या वस्तूच्या निमित्ताने घरोघर उभा राहतो. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचा दक्षिण भाग अरण्याने व नद्यांनी व्यापलेला आहे. भामरागडहून जिल्ह्याचे ठाणे दीडशे किलोमीटरांहून दूर. सिरोंच्याहून नागपूर तर तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद पडावी, हे तेथील माणसांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. १९७३ साली हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांना पहिली अनेक वर्षे विजेवाचून रुग्णसेवा करावी लागली. अशा मुलखात २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा-महाविद्यालयांची दारे मिटली, आणि ज्या घरात एखादे यंत्र होते त्या घरात तेच शाळा झाले.

समजा, अशाच एखाद्या घरातील लॅपटॉप एके सकाळी जागा होत नाही. परीक्षेचा अर्ज त्यात आहे, दोन वर्षांची टिपणे त्यात आहेत, आणि शेवटची तारीख चार दिवसांवर आली आहे. नागपूरला जाणे-येणे म्हणजे दोन दिवस आणि भाड्याचे पैसे, दुरुस्तीचे वेगळेच. तोच घरातील एखाद्या हुशार मुलाच्या मनात येते की, काही शे रुपयांत सोल्डरिंग आयर्न मिळते, तारेचे वेटोळे मिळते. सुटलेला सांधा आपणच का जोडू नये? हा विचार मूर्खपणाचा म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. किंबहुना तीन-चार हजार वर्षांची मानवी परंपरा त्याच्या पाठीशी आहे. मात्र या परंपरेत गेल्या काही दशकांत एक मोठे स्थित्यंतर घडले, आणि ते ध्यानी न घेता जो आयर्न हाती धरतो त्याची गत मार्कंड्याच्या टेकू देणाऱ्यासारखी होण्याचा संभव असतो.

सोल्डर या इंग्रजी शब्दास मराठीत जुना व नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे डाख. दोन धातूंच्या मध्ये तिसरा, त्यांच्याहून लवकर वितळणारा धातू घालून त्यांचा सांधा करावयाचा, ही डाखाची रीत. सोनार दागिन्याची कडी जोडतो तेव्हा मूळ सोन्याहून थोड्या कमी उष्णतेत पाघळणारे मिश्रण तो सांध्यावर ठेवतो, टाकणखाराची चिमूट लावतो आणि फुंकणीने दिव्याची ज्योत नेमकी त्या जागी वळवितो. दागिना वितळत नाही, डाख वितळतो. सारे कौशल्य या दोन उष्णतांमधील अंतरात आहे. ते अंतर जेवढे अरुंद, तेवढा कारागीर मोठा.

कल्हईवाल्याची विद्या याच कुळातील होय. भंडाऱ्याची पितळी भांडी पूर्वापार प्रसिद्ध, आणि वऱ्हाड-नागपूरपासून चांद्यापर्यंतच्या घरांतून तांब्या-पितळेचीच भांडी वापरात असत. आंबट पदार्थ त्यांत कळकू नये म्हणून आतून कथिलाचा लेप द्यावा लागे. कल्हईवाला दाराशी भट्टी मांडी, भाता लावी, भांडे वाळूने घासून तापवी, त्यात नवसागर टाकी, पांढरा धूर उसळे, आणि मग कथिलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने सर्रकन हात फिरवी. पाहणाऱ्या मुलांना ती जादू वाटे. परंतु त्यातील खरा नायक नवसागर होता. तापलेल्या तांब्यावर हवेमुळे एक मळकट पुट चढते. ते असेपर्यंत कथील भांड्याला धरत नाही, पाण्याच्या थेंबासारखे नुसते घरंगळते. नवसागर ते पुट खाऊन टाकतो. मग कथील पसरते आणि तांब्याशी एकजीव होऊन दोहोंच्या सीमेवर एक नवाच संयुक्त पदार्थ तयार होतो. सांधा चिकटविलेला नसतो, तो जुळून आलेला असतो. सोनाराचा टाकणखार, कल्हईवाल्याचा नवसागर आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची राळ या तिघांचे काम एकच : धातूचा चेहरा स्वच्छ करणे. जो ही पायरी गाळतो त्याचा सांधा वरून चकाकतो आणि आतून सुटाच राहतो.

विजेच्या कामाचा डाख म्हणजे दीर्घकाळ कथील आणि शिसे यांचे मिश्रण होते. निसर्गाचा एक चमत्कार या मिश्रणात पाहावयास सापडतो. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे सुमारे ३२७ अंशांना. परंतु कथिलाचे ६३ व शिशाचे ३७ भाग एकत्र केले की ते मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते, म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही एकाहून लवकर. शिवाय ते अधेमधे लापशीसारखे न राहता एकदम वितळते व एकदम गोठते. कथील-शिशाचा डाख प्राचीन रोमनांनाही ठाऊक होता, आणि त्यांच्या शिशाच्या नळांचे सांधे त्याने जोडले जात. विसाव्या शतकात तारायंत्राने, टेलिफोनने आणि रेडिओने त्यास घरोघर पोहोचविले.

यातील कथील हिंदुस्थानात बहुतांशी बाहेरून येई. मलाया आणि पूर्वेकडील बेटे ही त्याची माहेरघरे. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बस्तरच्या अरण्यात कथिलाचे खनिज सापडले. आज भारतात कथिलाचे खनिज निघते ते मुख्यतः छत्तीसगढच्या याच दक्षिण भागात, आणि तेथील आदिवासी कुटुंबे ओढ्याकाठची माती धुऊन जड काळे खडे वेचून विकतात. गडचिरोली आणि बस्तर यांच्यामध्ये इंद्रावती वाहते. ज्या धातूने जगातील एकूण एक विद्युत्‌यंत्र सांधलेले आहे, त्याचे खडे नदीपलीकडच्या रानात वेचले जातात आणि अलीकडच्या रानातील मुलास त्याच धातूचा एक ठिपका सुटल्यामुळे नागपूरची वाट धरावी लागते. वस्तू कोठे निपजते आणि तिची विद्या कोठे साठते यांतील हे अंतर विचार करावयास लावणारे आहे.

आता रेडिओच्या काळाकडे वळू. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ मागून उघडला की आत तारांचे जाळे दिसे. प्रत्येक भाग बोटात धरता येण्याजोगा, प्रत्येक सांधा डोळ्यांनी दिसणारा. कोणता भाग जळाला हे वासावरून कळे, कोणता सांधा सुटला हे लाकडी काडीने हलवून पाहता येई. तांब्याच्या टोकाचे आयर्न तापवावे, जुना डाख वितळवून भाग काढावा, नवा बसवावा. ज्या उष्णतेने सांधा जुळतो त्याच उष्णतेने तो सुटतो, हा डाखाचा मोठा गुण होय. खिळा ठोकला तर लाकूड चिरते, सरस लावला तर तो सहजासहजी सुटत नाही. डाख मात्र बांधतो आणि मागितले की सोडतोही. म्हणूनच तो दुरुस्तीचा जिवलग मित्र ठरला. नाक्यावर बसून रेडिओ दुरुस्त करणारा बहुधा पदवीधर नव्हता. दिसणारा सांधा हेच त्याचे विद्यापीठ होते.

ही मैत्री हळूहळू कशी विटली, हा इतिहासाचा पुढील भाग आहे. १९३६ च्या सुमारास पॉल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने लंडनमध्ये असा एक रेडिओ तयार केला की ज्यात तारांच्या जागी पाटीवर तांब्याच्या पट्ट्या छापलेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये या छापील पाटीचा उपयोग झाला आणि युद्धोत्तर काळात ती सर्व यंत्रांत शिरली. १९५६ मध्ये इंग्लंडात वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून सबंध पाटी फिरविण्याची युक्ती निघाली. त्यायोगे शेकडो सांधे एका क्षणात होऊ लागले. १९५८ मध्ये जॅक किल्बी याने अनेक भाग एकाच तुकड्यावर घडवून चिपचा पाया घातला. १९८० नंतर भागांचे पाय पाटीच्या छिद्रांतून आरपार जाण्याऐवजी वरच्या पृष्ठावरच टेकू लागले. आणि १९९० नंतरच्या दशकात सांधा दृष्टीआड झाला : चिपच्या पोटाखाली डाखाचे बारीक बारीक मणी ओळीने मांडून, भट्टीतील गरम हवेने ते सगळे एकदम वितळवून चिप बसविण्याची पद्धत रूढ झाली. तिला बॉल ग्रिड अ‍ॅरे म्हणतात. एका चिपखाली असे शेकडो, प्रसंगी हजाराहून अधिक मणी असतात. त्यांतील एकही बाहेरून दिसत नाही. पाहावयाचे तर क्ष-किरण लागतात.

लॅपटॉप ही या साऱ्या प्रवासाची फलश्रुती होय. १९८२ च्या ग्रिड कंपास या यंत्राने झाकण मिटणाऱ्या संगणकाचा घाट घालून दिला. त्यानंतर यंत्रे जसजशी पातळ झाली, तसतसा आतील प्रत्येक सांधा बारीक व गूढ होत गेला. आजच्या मदरबोर्डाची पाटी जाडीला सुमारे मिलिमीटरभर, परंतु तिच्या पोटात तांब्याचे अनेक थर एकावर एक दडलेले असतात. येथेच घरगुती कारागिराची पहिली फसगत होते. रेडिओच्या सांध्यास पुरणारे लहानसे आयर्न तो पाटीवर टेकवितो. पण आतील तांब्याचे थर ती उष्णता चोहोकडे ओढून नेतात आणि डाख काही केल्या पाघळत नाही. मग तो आयर्न दाबून धरतो, अधिक वेळ ठेवतो, जोर करतो. आणि डाख वितळण्याआधीच खालची तांब्याची चकती पाटीवरून उपटून येते. सांधा सुटला होता तोवर दुरुस्ती सोपी होती. चकती उपटली की रोग दुप्पट झाला.

दुसरे स्थित्यंतर धातूचेच झाले. शिसे हे शरीरास, विशेषतः मुलांच्या मेंदूस, घातक आहे, आणि टाकून दिलेल्या यंत्रांतून ते मातीपाण्यात उतरते. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत्‌यंत्रांतील शिशावर कडक मर्यादा घातली. भारतातही २०११ चे ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून अंमलात आले व त्यांनी अशीच मर्यादा सांगितली. शिशाच्या जागी कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण आले. प्रचलित प्रकारात कथील ९६.५, चांदी ३ आणि तांबे ०.५ टक्के असते, आणि ते २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. निर्णय लोकहिताचा होता यात संशय नाही. परंतु सोनाराच्या त्या जुन्या सूत्राची येथे आठवण करावी : डाख वितळावा आणि वस्तू वाचावी, या दोन उष्णतांमधील अंतर आता तीस-पस्तीस अंशांनी अरुंद झाले. शिवाय नवा धातू अधिक कडक, वाकण्यास कमी राजी. यंत्र तापते तेव्हा चिप आणि पाटी निरनिराळ्या प्रमाणात फुगतात, थंड होताना निरनिराळ्या प्रमाणात आकसतात, आणि दरवेळी मधल्या सांध्यावर ताण येतो. ज्या चंद्रपुरात मे महिन्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, जेथे कोळशाची बारीक धूळ पंख्यात साचते, तेथे हा ताण किती अधिक असेल हे सांगावयास नको.

नव्या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टला आपल्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रांच्या बिघाडासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद जाहीर करावी लागली. पुढच्याच वर्षी, २००८ च्या जुलैत, एनव्हिडिया या चिप बनविणाऱ्या कंपनीने लॅपटॉपमधील काही चिप्सच्या बांधणीतील दोषापायी पंधरा ते वीस कोटी डॉलरांचा भार सोसावा लागेल असे सांगितले. घरोघरच्या लॅपटॉपांचे पडदे काळे पडू लागले आणि जगभर एक विलक्षण उपाय पसरला. लोक मदरबोर्ड काढून स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये, सुमारे दोनशे अंशांवर, काही मिनिटे भाजू लागले. आश्चर्य असे की, पुष्कळदा यंत्र पुन्हा चालू होई. चिपखालचे फुटलेले मणी वितळून पुन्हा जुळले, असे स्पष्टीकरण देण्यात येई.

हे स्पष्टीकरण बहुधा चुकीचे होते. शिसेविरहित डाख दोनशे अंशांस वितळतच नाही, हे वरील आकड्यांवरूनच उघड आहे. पुष्कळशा यंत्रांत दोष पाटी व चिप यांमधील मण्यांत नसून चिपच्याच पोटात, त्याहून सूक्ष्म अशा सांध्यांत होता. उष्णतेने चिपचे भाग फुगून तडा गेलेले तोंड काही काळ एकमेकांस टेके, इतकेच. आठवडा, महिना, फार तर दोन-तीन महिने, आणि पुन्हा अंधार. शिवाय पाटीवरील प्लॅस्टिकचे भाग वाकत, लहान धारकांच्या डब्या फुगत, आणि ज्या ओव्हनमध्ये पोरांसाठी केक व्हावयाचा त्यात रसायनांची वाफ राही. हा मार्कंड्याचा टेकूच. फरक एवढाच की मार्कंड्याचा टेकू पुष्कळ वर्षे टिकला.

तर मग घरातील माणसाने आयर्नला हातच लावू नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. लॅपटॉप बंद पडण्याची कितीतरी कारणे आजही दिसणाऱ्या सांध्यांतच असतात. चार्जरची तार ज्या खोबणीत बसते ती रोजच्या ओढाताणीने खिळखिळी होते. चार्जरच्या टोकाशी तार आतल्या आत तुटते. पडद्याची किंवा कळफलकाची पट्टी जागेवरून सरकते. यांत शेवटच्या प्रकारास डाख लागतच नाही, नुसती पट्टी नीट बसवावी लागते. पहिल्या दोहोंस जुन्या रेडिओवाल्याचीच विद्या पुरते. मात्र तिचा क्रम मोडता कामा नये. प्रथम वीज काढावी, आणि बॅटरी सोडवून बाजूस ठेवावी. लिथियमच्या बॅटरीस आयर्न लावणे म्हणजे घरात आग मागविणे होय. नंतर मल्टीमीटरने प्रवाह कोठपर्यंत येतो व कोठे थांबतो हे पाहावे, कारण निदानावाचून औषध देणारा वैद्य आणि मोजमापावाचून डाख देणारा कारागीर हे दोघे सारखेच. मग जागा स्वच्छ करावी, राळयुक्त द्रव लावावा, पुरेशा शक्तीचे व रुंद टोकाचे आयर्न घ्यावे, आणि सांध्यास दोन-तीन सेकंदांहून अधिक छळू नये. जुना कडक डाख सुटत नसेल तर त्यात थोडा शिसेयुक्त डाख मिसळला की तो कमी उष्णतेत पाघळतो, ही कारागिरांची नित्याची युक्ती आहे; परंतु तसे केल्यावर हात धुतल्याखेरीज भाकरीला शिवू नये आणि धूर नाकात घेऊ नये. पहिला हात कधीही कामाच्या यंत्रावर फिरवू नये. भंगारातील पाटीवर वीस-पंचवीस सांधे सोडवावे व जोडावे, मगच घरच्या यंत्राचे झाकण उघडावे. आणि दोष चिपखाली आहे असे दिसले की आयर्न खाली ठेवावे. तेथे गरम हवेचे यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि वर्षांचा सराव लागतो. तेथून पुढचे काम जाणत्या कारागिराचे.

येथवर प्रश्न कौशल्याचा होता. परंतु इतिहासाचा शेवटचा वळसा निराळाच आहे. पूर्वी लॅपटॉपची मेमरी व साठवणुकीची तबकडी खोबणीत बसविलेली असे. बिघडली तर काढावी, अपुरी पडली तर मोठी घालावी. २०१२ साली अ‍ॅपलने आपल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये मेमरी डाख देऊन पाटीलाच कायमची जोडली. अशी मांडणी पुढे अनेक पातळ लॅपटॉपांत रूढ झाली, आणि काहींत साठवणुकीची चिपही पाटीसच जखडली गेली. त्याने यंत्र पातळ झाले, काही अंशी वेगवानही झाले. परंतु पाटी मेली की तिच्यासंगे टिपणे, छायाचित्रे व हिशेब यांचाही निकाल लागू लागला. जो डाख शतकानुशतके वस्तू सोडविण्याची सोय होता, तोच आता कुलूप झाला. धातू तोच, उष्णतेचा नियम तोच. बदलला तो त्यामागील हेतू. दुरुस्ती न होण्याजोगी वस्तू घडविणे ही चूक नसून निवड आहे, हे येथे स्पष्ट होते.

या निवडीविरुद्ध जगभर आवाज उठला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. तेवढ्याने उत्पादकांवर कायद्याचे बंधन आले असे नव्हे. परंतु वस्तू विकत घेणाऱ्यास ती उघडण्याचा, तिचे भाग मिळविण्याचा व ती आपल्या पसंतीच्या कारागिराकडे नेण्याचा हक्क आहे, ही कल्पना सरकारी दप्तरात आली, हे थोडके नाही. २०२२ चे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनी टाकलेल्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर ठेवली आहे. दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र म्हणजे तेवढा कचरा न होणे, हा हिशेब सरळ आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या मुलखास या हक्काची गरज पुण्या-मुंबईहून अधिक आहे. शहरात यंत्र बिघडले तर तासाचा खोळंबा. भामरागडात बिघडले तर वर्षाचे नुकसान होऊ शकते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्या विजेवर दूरदूरची शहरे उजळतात. वीज देणाऱ्या या मुलखात विजेच्या यंत्राचा सांधा जोडणारे हात तालुक्या-तालुक्यास तयार व्हावेत, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्या मुलास गरम हवेचे यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि सुटे भाग मिळाले, तर आलापल्लीच्या वा सिरोंच्याच्या बाजारपेठेत जुन्या रेडिओवाल्याची गादी पुन्हा चालू शकेल.

तोवर ज्या घरात असे यंत्र आहे त्या घराने दोन गोष्टी पाळाव्यात. यंत्र घेतानाच विचारावे की मेमरी व साठवण काढता येते काय, बॅटरी बदलता येते काय, सुटे भाग किती वर्षे मिळतील. दुकानदारास या प्रश्नाची सवय लागली की उत्पादकासही ती लागेल. आणि जे कागद वा टिपणे गमावणे परवडणार नाही त्यांची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी, कारण सांधा कधी सुटेल हे कोणी सांगू शकत नाही. एवढे केल्यावर मग घरातील त्या हुशार मुलाने भंगारातील पाटी समोर घेऊन आयर्न तापवावे. कल्हईवाल्याच्या भट्टीभोवती जमलेल्या मुलांना जे नुसते पाहावयास मिळाले, ते त्याला हाताने करून पाहता येईल. आणि कोणता सांधा आपला व कोणता दुसऱ्याचा, हेही त्याला तेथेच कळेल.